परदेशातून गावाकडची जमीन घेताना : आधी कायदा पाहा, मग सातबारा

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर ओलांडून नारायणगाव आणि आळेफाट्याकडे निघाले, की रस्त्याच्या दुतर्फा जमिनीच्या जाहिरातींचे फलक दिसू लागतात. कुणी शिवनेरीच्या सान्निध्याचे आमिष दाखवतो, कुणी धरणाच्या पाण्याचे, तर कुणी भीमाशंकरच्या दाट झाडीचे. हीच जाहिरात आता भ्रमणध्वनीवरील चित्रफितीच्या रूपाने दुबई, लंडन आणि न्यू जर्सीपर्यंत पोहोचते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या अनेकांच्या मनात आपल्या मुलखात थोडी जमीन असावी, निवृत्तीनंतर तेथे घर बांधावे, अशी इच्छा असते. या इच्छेत गैर काहीच नाही. मात्र ती पुरी करण्याच्या घाईत आयुष्यभराची बचत गमावण्याची वेळ येऊ शकते.

जमिनीच्या फसवणुकीचा विषय निघाला, की बनावट सातबारा, तोतया मालक, एकच जमीन दोघांना विकणे, हे प्रकार डोळ्यांसमोर येतात. हे प्रकार घडतातच. परंतु परदेशातील खरेदीदाराचे नुकसान अनेकदा त्याच्याही आधी सुरू होते. जी जमीन घेण्याची मुभा कायद्याने त्याला दिलेलीच नाही, ती आडवाटेने घेण्याचा तो प्रयत्न करतो. आणि पुढे फसवणूक झाली, तर न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद केलेला असतो. त्यामुळे जमीन कोणाची आहे, हा दुसरा प्रश्न. ती आपल्याला घेता येते का, हा पहिला.

दोन कायदे, दोन स्वतंत्र अटी

पहिली अट केंद्राच्या कायद्याची आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजेच 'फेमा', आणि त्याखालील २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीय तसेच परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असलेल्या व्यक्ती भारतात घर, सदनिका, दुकान किंवा अकृषिक भूखंड खरेदी करू शकतात. शेतजमीन, मळे-बागायतीची मालमत्ता आणि फार्महाऊस मात्र त्यांना सर्वसाधारण परवानगीने विकत घेता येत नाही. ते बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने मिळालेली शेतजमीन स्वतःकडे ठेवता येते. ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. आपला पासपोर्ट भारतीय आहे, म्हणून हा निर्बंध आपल्याला लागू नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नोकरी किंवा व्यवसायासाठी परदेशी गेलेला भारतीय नागरिक या कायद्याच्या दृष्टीने अनिवासीच असतो.

दुसरी अट राज्याच्या कायद्याची आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते; बिगरशेतकऱ्याला त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. या कलमाचा भंग करून झालेल्या व्यवहाराची कलम ८४-क खाली चौकशी होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते.

या दोन अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ओतूर किंवा घोडेगाव परिसरात वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असलेला मनुष्य राज्याच्या कायद्याप्रमाणे शेतकरी ठरतो. परंतु तो परदेशात राहत असेल, तर फेमाचा निर्बंध त्याला लागू राहतोच. शेतकरी असल्याचा दाखला हे 'फेमा'वरील उत्तर नव्हे. शिवाय हा दाखला 'मिळवून देणारे' मध्यस्थही असतात. ते कोणाच्या तरी सातबाऱ्यावर नातलग म्हणून नाव लावण्याचा किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील खोटा उतारा देण्याचा मार्ग सुचवतात. अशा कागदावर झालेली खरेदी चौकशीत टिकत नाही आणि खोटी कागदपत्रे वापरल्याचा ठपका खरेदीदारावरच येतो.

भावाच्या नावावर घेतलेली जमीन

स्वतःला घेता येत नाही म्हटल्यावर सुचणारा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गावातील नातलगाच्या नावावर जमीन घेणे. एक काल्पनिक उदाहरण पाहू. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याने जुन्नर तालुक्यातील दीड एकर बागायती जमिनीसाठी चुलतभावाच्या खात्यावर पैसे पाठवले. खरेदीखत चुलतभावाच्या नावे झाले. जमीन खरी, विकणारा खरा, सातबारा खरा. पाच-सहा वर्षांनी जमिनीचा भाव वाढला आणि चुलतभावाने ती परस्पर विकली, किंवा त्याचे निधन होऊन त्याच्या मुलांची नावे लागली. अभियंत्याजवळ उरल्या त्या बँकेच्या पावत्या आणि काही संदेश.

बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध कायदा १९८८ नुसार, पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावे, असा व्यवहार बेनामी ठरतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता जप्त होऊ शकते. दोषी ठरल्यास एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे 'ही जमीन खरी माझीच आहे' असा दावा ज्याच्या नावावर ती आहे त्याच्याविरुद्ध आणता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ४ सांगते. पती-पत्नी आणि अपत्ये यांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला अपवाद आहे. केवळ भावाच्या, पुतण्याच्या किंवा मित्राच्या नावे केलेल्या खरेदीला तो मिळत नाही.

म्हणजे या उदाहरणात बनावट कागद एकही नाही, तरीही पैसे गेले आहेत. आणि तक्रार करणाराच कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा संभव आहे. परदेशातील खरेदीदाराला जाळ्यात ओढणाऱ्या मध्यस्थाला ही गोष्ट पुरती ठाऊक असते. 'आपण आडवाटेने गेलो आहोत' हे जाणून असलेला माणूस सहसा पोलिसांकडे जात नाही, हाच त्याच्या धंद्याचा आधार असतो.

आई-वडील गावी राहत असतील, ते शेतकरी असतील आणि स्वतःच्या पैशाने जमीन घेत असतील, तर ती त्यांची होते. पुढे ती वारसाहक्काने परदेशातील मुलाला मिळण्यास अडचण नाही. मात्र तेव्हा इतर भावंडांचाही तिच्यावर हक्क असतो, याचे भान ठेवावे.

भूखंड म्हणजे नक्की काय?

कायद्याने मोकळा असलेला मार्ग अकृषिक भूखंडाचा. फलकावर 'एनए' ही दोन अक्षरे ठळक असतात. पण त्यांच्या आड काय आहे, ते कागदांवरून तपासावे लागते. जमीन अकृषिक वापरात असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश किंवा सनद, नगररचना विभागाने मंजूर केलेले रेखांकन आणि त्या रेखांकनात आपल्या भूखंडाचा स्वतंत्र क्रमांक, या तीन गोष्टी नसतील तर तो भूखंड नव्हे, शेताचा तुकडा होय. 'प्रस्तावित एनए', 'एनएची फाइल टाकली आहे', 'आर झोन लवकरच' या शब्दांना कायद्यात किंमत नाही. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या भूखंड प्रकल्पांना स्थावर संपदा कायदा २०१६ नुसार 'महारेरा'कडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा आणि प्रवर्तकाविरुद्धच्या तक्रारी महारेराच्या संकेतस्थळावर परदेशातूनही पाहता येतात.

शेताचे छोटे तुकडे पाडून विकण्याला तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले. या कायद्यात सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या असल्या, तरी त्या विशिष्ट क्षेत्रांना आणि विशिष्ट अटींवर लागू आहेत. सवलतीचा नुसता उल्लेख ऐकून पैसे देऊ नयेत. या कायद्यातून पळवाट म्हणून आठ-दहा अनोळखी खरेदीदारांच्या नावे मोठ्या क्षेत्राचे एकच सामाईक खरेदीखत केले जाते. त्यात प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो. मात्र कोणता तुकडा कोणाचा, हे कोणत्याही सरकारी नकाशावर नसते. पुढे वाटपासाठी सर्वांची संमती लागते आणि ती मिळेपर्यंत वर्षे उलटतात.

भविष्यातील प्रकल्पांच्या नावावर भाव वाढवण्याचीही रीत आहे. पुणे-नाशिक रेल्वेचे उदाहरण ताजे आहे. नारायणगावजवळील खोडद येथे असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, या कारणाने या मार्गाच्या मूळ आखणीवर फेरविचार करावा लागला. स्थानक येणार म्हणून ज्यांनी चढा भाव दिला असेल, त्यांच्या हाती केवळ अपेक्षा उरली.

सातबाऱ्यावर काय पाहावे?

जुन्नर आणि आंबेगावचे सातबारे आता घरबसल्या पाहता येतात. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून स्वतः काढावा. मध्यस्थाने पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नये. संकेतस्थळावर पडताळणी क्रमांक टाकून उताऱ्याचा खरेपणाही तपासता येतो.

उताऱ्यात प्रथम भूधारणा पद्धती पाहावी. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर मालकाला विक्रीची मोकळीक सामान्यतः असते. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या वाटेला जाऊच नये. त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना ओळ न ओळ वाचावा. विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, या साऱ्यांची नोंद तेथे असते. 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा असेल, तर ती जमीन कुळकायद्याने कुळाला मिळालेली आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून अशा जमिनीची विक्री करता येते. नजराणा भरल्याचे चलन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या दोन तालुक्यांत आणखी एका शेऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे याच परिसरात आहेत. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गावही डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणग्रस्तांना पर्यायी जमिनी देण्यासाठी लाभक्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरावर पुनर्वसन कायद्याखाली निर्बंध आले आणि त्याचे शेरे सातबाऱ्यावर चढले. असा शेरा असलेली किंवा धरणग्रस्ताला वाटप झालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेणे म्हणजे वाद विकत घेणे होय.

'ए.कु.मॅ.' ही अक्षरेही महत्त्वाची आहेत. एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून एकाचे नाव लागलेले असते आणि बाकीच्या हिस्सेदारांची, विशेषतः बहिणींची, नावे उताऱ्यावर नसतात. नाव नसले तरी हक्क असतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे वंशावळ मागून घ्यावी आणि प्रत्येक वारसाची खरेदीखतावर सही असल्याची खात्री करावी. 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हे आश्वासन कागदावर उतरल्याशिवाय मानू नये.

डोंगरपट्ट्यातील जमिनी

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडतो. नाणेघाटाजवळचे घाटघर असो वा भीमाशंकरच्या उत्तरेकडील आहुपे, येथे प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. यातील अनेक गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. ढगांत बुडालेल्या डोंगरांची छायाचित्रे दाखवून याच पट्ट्यातील जमिनी 'स्वस्तात' देऊ केल्या जातात. त्या स्वस्त असण्याचे कारण कायद्यात आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांना ती राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय देता येत नाही. विक्रीच नव्हे, तर बक्षीस, गहाण आणि भाडेपट्टा यांनाही हे निर्बंध लागू आहेत. मंजुरीविना झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. हा कायदा आदिवासी कुटुंबांच्या हातून जमीन निसटू नये म्हणून झाला आहे. साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा ९९ वर्षांचा करार करून त्याला बगल देणाऱ्या खरेदीदाराचे पैसे तर जातातच, शिवाय एखाद्या गरीब कुटुंबाच्या उपजीविकेवरही घाला पडतो.

याच पट्ट्यात वनविभागाच्या जमिनी आणि भीमाशंकर अभयारण्याची हद्दही आहे. खासगी नावावरच्या काही जमिनींवर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखालील नोंदी असू शकतात. म्हणून वनविभागाकडून लेखी माहिती घेणे गरजेचे ठरते. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून दीडशेवर माणसे गाडली गेली. उतारावरची जमीन घेताना कागदांइतकीच जमिनीची प्रकृतीही तपासावी, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

शोध आणि मोजणी

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तो मुख्यतः महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. खरेदीखत नोंदले गेले म्हणजे मालकी सिद्ध झाली, हाही गैरसमजच. विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले. कार्यालय दस्त नोंदते. हक्क तपासण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच राहते.

यासाठी किमान ३० वर्षांचा शोध अहवाल स्वतः नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा. विकणाऱ्याने किंवा मध्यस्थाने सुचवलेला वकील नको. सातबाऱ्यावर नमूद असलेला प्रत्येक फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधील नोंद, काढून वाचावी. नोंदणी विभागाचे 'सूची क्रमांक २' ऑनलाइन पाहता येतात. जुन्या काळासाठी कार्यालयातील नोंदवह्या चाळाव्या लागतात. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हणून शोध दोन्ही क्रमांकांनी घेतला पाहिजे. केवळ गट नंबरावर घेतलेला शोध अपुरा राहतो. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत दावा चालू आहे का, तसेच मंचर येथील प्रांत कार्यालयात फेरफाराविरुद्ध अपील आहे का, याचीही चौकशी करावी. खरेदीपूर्वी स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात.

कागदावरची जमीन आणि प्रत्यक्ष दाखवलेली जमीन एकच आहे, हे मोजणीशिवाय कळत नाही. महामार्गालगतचा सपाट तुकडा दाखवायचा आणि खरेदीखत मागच्या खडकाळ गटाचे करायचे, ही जुनी चलाखी आहे. परदेशातील व्यक्ती सुटीत एकदा येते, जमीन पाहते आणि परत जाते, त्यामुळे ही चलाखी तिच्याबाबतीत सहज साधते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून व्यवहारापूर्वी मोजणी करून घ्यावी आणि ती खरेदीच्या अटींतच घालावी. रस्त्याचा प्रश्नही तेव्हाच सोडवावा. शेजाऱ्याच्या बांधावरून 'सगळे जातात' म्हणून मिळालेली वाट हा हक्क नव्हे. रस्ता नकाशावर किंवा नोंदणीकृत दस्तात असला पाहिजे.

कुलमुखत्यारपत्र देताना

परदेशातून व्यवहार म्हटला की कुलमुखत्यारपत्र आलेच. त्याचे दोन प्रकार नीट समजून घ्यावेत. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्राने सगळेच अधिकार दुसऱ्याच्या हाती जातात. विशेष कुलमुखत्यारपत्र ठरावीक कामापुरते असते. गावातील खात्रीच्या माणसालाही विशेष पत्रच द्यावे. त्यात गट किंवा भूखंड क्रमांक, नेमके काम आणि मुदत लिहावी. खरेदीसाठी पत्र देताना विक्रीचा, गहाण ठेवण्याचा किंवा पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात असू नये. असे पत्र भारतीय वकिलातीत किंवा त्या देशातील नोटरीसमोर साक्षांकित करावे लागते आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. काम संपताच नोंदणीकृत दस्ताने ते रद्द करून संबंधितांना कळवावे.

समोरचा विक्रेताच कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल, तर सावधगिरी दुप्पट हवी. पत्र देणारी व्यक्ती मरण पावली, की सामान्यतः पत्राचा अधिकारही संपतो. म्हणून ती हयात आहे का, तिने पत्र रद्द केले आहे का, हे तिच्याशी थेट बोलून ठरवावे. केवळ साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे जमिनीची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी 'सूरज लॅम्प' प्रकरणात स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखताला पर्याय नाही.

पैशांचा व्यवहार

फेमानुसार मालमत्तेची रक्कम बँकेमार्फत परदेशातून किंवा अनिवासी खात्यातूनच द्यावी लागते. परकीय चलनातील नोटा चालत नाहीत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. रक्कम प्रत्येक सहहिस्सेदाराच्या स्वतःच्या खात्यावर जावी. मध्यस्थाच्या किंवा 'घरातील मोठ्या माणसाच्या' खात्यावर नव्हे. 'आज विसार दिला नाही तर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे' हे वाक्य ऐकू आले, की थांबावे. शोध अहवाल हाती येण्यापूर्वी मोठी रक्कम देण्याचे कोणतेही रास्त कारण असू शकत नाही. विसार द्यायचाच असेल, तर तो नोंदणीकृत साठेखताने आणि हक्क सदोष निघाल्यास रक्कम परत मिळण्याच्या अटीवर द्यावा.

जमीन आहे, लक्ष नाही

खरेदीखत झाले म्हणजे काम संपत नाही. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा.

ज्यांच्या नावे वारसाने आलेली जमीन आहे, त्यांच्यापुढचा धोका वेगळा आहे. मालक परदेशात आहे आणि वर्षानुवर्षे फिरकलेला नाही, हे हेरून त्याच्या नावाने तोतया उभा केला जातो. गोव्यात हा प्रकार केवढ्या थराला गेला होता, ते २०२२ मध्ये उघड झाले. परदेशस्थ किंवा मयत मालकांच्या जमिनी, पोर्तुगीजकालीन दस्तांसह बनावट कागदपत्रे तयार करून बळकावल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने त्या वर्षी जूनमध्ये विशेष तपास पथक नेमले. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमण्यात आला.

म्हणून परदेशातील मालकाने दर दोन-तीन महिन्यांनी आपला सातबारा आणि आठ-अ उघडून पाहावा. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचे नाव निवडले, की तेथील चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. अनोळखी नोंद आढळल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. सीमेवर खांब, कुंपण आणि फलक असावा. जमीन कोणाला कसायला दिली असल्यास लेखी करार करावा. दुसऱ्याने मालकाच्या हक्काला नाकारून उघडपणे १२ वर्षे कब्जा ठेवला, तर मुदतीच्या कायद्यानुसार मूळ मालकाचा हक्कच धोक्यात येऊ शकतो.

फसवणूक लक्षात आल्यास

फसवणूक झाल्याचे कळताच तीन आघाड्यांवर एकाच वेळी हालचाल करावी. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी तलाठ्याकडे हरकत आणि झाला असल्यास प्रांताकडे अपील. दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा आणि पुढील विक्रीला मनाई मिळवण्याचा अर्ज. त्याबरोबरच पोलिसांकडे फिर्याद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, ३१९ खाली तोतयेगिरी आणि ३३६ खाली बनावट दस्त हे गुन्हे येतात. निबंधकासमोर खोटे निवेदन किंवा तोतयेगिरी केल्यास नोंदणी कायद्याच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातील प्रत्येक उपाय उपयोगी पडतो तो खरेदीदाराचे स्वतःचे नाव, स्वतःच्या खात्यातून गेलेले पैसे आणि कायद्याला मान्य असलेला व्यवहार, या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने असतील तेव्हाच.

गावाकडच्या जमिनीची ओढ पैशात मोजता येत नाही आणि फसवणूक करणारा नेमका तिचाच फायदा घेतो. मंजूर रेखांकनातील छोटा भूखंड शेताइतका मोहक वाटत नसेल. पण तो स्वतःच्या नावावर असतो आणि त्याच्यासाठी न्यायालयात उभे राहता येते. दुसऱ्याच्या नावावरची दीड एकर बागायत, पाटाच्या पाण्यासह, कितीही देखणी असली तरी तिच्यावर तो हक्क कधीच मिळत नाही. निवड करताना एवढा फरक ध्यानात ठेवला, तरी पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतील.